आभाळातलं गायरान

लोंढा जंक्शनवर गोव्याची गाडी थांबते, बेंगळूरची थांबते, मिरजेची थांबते. रेल्वेच्या रुळांलगत रेलटेलची फायबर असते, देशभर स्टेशनाला स्टेशन जोडत गेलेली. पण स्टेशनातून बाहेर पडा, हेम्माडगा, गवाळी, कोंगळा या बाजूला भीमगडच्या जंगलाकडे वळा आणि खिशातला फोन काढून बघा. आधी दोन दांड्या, मग एक, मग काहीच नाही. नेट खानापूर तालुक्यातून जातं, वाडीत उतरत नाही.

ते उतरवायचं कुणी, हा या आठवड्याचा प्रश्न. माझं उत्तर सरळ आहे: तालुक्यातल्या छोट्या नेटवाल्यानं. हे काम त्याला जमतं, हे इतर ठिकाणी सिद्ध झालं आहे. त्याची वाट अडते ती बाजारातल्या थोरल्यांमुळे आणि कागदावरच्या नियमांमुळे.

नेट म्हणजे नुसती करमणूक नव्हे

‘खेड्यात एवढं नेट हवं कशाला?’ असं विचारणारे शहरात पुष्कळ भेटतात. त्यांनी ही यादी वाचावी.

१ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी ॲपवरून सक्तीची झाली. मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा काढून चढवायचा. फोटो चढला नाही की हजेरी लागत नाही, आणि हजेरी नाही म्हणजे मजुरी अडकली. त्याच वर्षी जुलैत कर्नाटकात गृहलक्ष्मीची नोंदणी सुरू झाली. घरच्या कर्त्या बाईला महिना २ हजार रुपये मिळणार होते; त्यासाठी ग्राम वन केंद्रांपुढे रांगा लागल्या आणि ‘सर्व्हर नाही, उद्या या’ हे उत्तर ऐकून बायाबापड्या परत गेल्या. रेशनच्या तांदळाला अंगठा लागतो आणि तो अंगठा पटायला नेट लागतं. पिकाची नोंद ॲपवर, शेतकऱ्याचा ओळख क्रमांक संगणकावर, मुलाचा निकाल संकेतस्थळावर. भीमगडच्या वाड्यांमधून आजारी माणसाला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावं लागल्याच्या बातम्या आपण पावसाळ्यात वाचतो. त्या वाडीतून रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लागणं हा जगण्यामरण्याचा मामला आहे.

सरकारनं आपलं एकेक काम नेटवर नेलं. मग नेट दारापर्यंत नेण्याची जबाबदारी गरिबाच्या पायांवर टाकता येणार नाही. नेटसाठी रेशनकार्ड घेऊन टेकाडावर चढणारी म्हातारी हा त्या धोरणाचा निकाल आहे.

गच्ची, डिश आणि ओली पानं

छोटा नेटवाला काय करतो ते आधी समजून घेऊ. तो जिथवर फायबर आली आहे तिथून घाऊक भावात बँडविड्थ घेतो. एखाद्या उंच गच्चीवर लोखंडी पोल उभा करतो, त्यावर रेडिओ बसवतो. समोरच्या टेकाडावर किंवा गावच्या शाळेच्या छपरावर दुसरी डिश. तिथून पुन्हा घराघरांत. एक टॉवर उभारून त्यावर नफा मिळवायला कंपनीला जितकी गिऱ्हाईकं लागतात, त्याच्या कितीतरी कमी गिऱ्हाइकांवर याचा पोल चालतो. म्हणून चाळीस घरांची वाडी कंपनीच्या हिशेबात बसत नाही, याच्या बसते.

काम मात्र सोपं नाही. हे रेडिओ बहुतेक ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. तिथं लाटेची लांबी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर. एवढी आखूड लाट झाडांच्या गर्दीतून पार होत नाही, कारण पानातलं पाणी ती पिऊन टाकतं. दोन डिश एकमेकींना नुसत्या दिसून भागत नाही, त्या दृष्टिरेषेभोवती मोकळी जागा लागते. पाच किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर ही जागा सर्व बाजूंनी सुमारे आठ मीटर असावी लागते. आता लोंढा-खानापूरचा पावसाळा डोळ्यांसमोर आणा. एप्रिलमध्ये मोकळ्या फांद्यांतून जोडलेलं नेट जुलैत, पालवी दाटली आणि भिजली की मरतं. पाऊस स्वतः या अंतरावर फारसा अडवत नाही. अडवतात ती ओली पानं. त्यात वीज कडाडली की रेडिओ जळायची भीती, म्हणून अर्थिंग नीट हवं. हेस्कॉमची लाईट गेली की बॅटरी हवी, आणि बॅटरी उतरली की ती बदलायला माणूस हवा.

तो माणूस हीच छोट्या नेटवाल्याची खरी ताकद. कुठलं झाड कुठल्या महिन्यात आड येतं हे त्याला ठाऊक असतं. मोठ्या कंपनीची मदतवाहिनी चार भाषांत बोलते, पण तिला कोंगळ्याची चढण ठाऊक नसते. याला गिऱ्हाईक नावानं हाक मारतं आणि बाजाराच्या दिवशी रस्त्यात गाठून जाब विचारतं. सेवेची इतकी जवळची हमी कुठल्याही करारपत्रात मिळत नाही.

आधी मोकळं केलं, मग थोरले शिरले

हवेतल्या लहरींचे पट्टे सरकारच्या मालकीचे असतात. मोठ्या कंपन्या ते लिलावात घेतात; २०२२ च्या लिलावात त्यांनी १ लाख ५० हजार कोटी रुपयांहून अधिक बोली लावली. तालुक्यातला नेटवाला त्या दालनात पाऊलही ठेवू शकत नाही. त्याच्यासाठी काही पट्टे बिनपरवाना खुले ठेवले गेले. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा उघड्यावर वापरायला मोकळा झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. गावाला गायरान असतं तसं हे आभाळातलं गायरान. ज्याला स्वतःचं शिवार नाही, त्याच्या गुरांसाठी राखलेलं.

या मोकळेपणानं काय होतं ते लगेच दिसलं. २००५ मध्ये, नियम निघाल्यानिघाल्या, हिमाचलातल्या धरमशाळेत सामुदायिक वायरलेस जाळं उभं राहिलं. त्यातून पुढं एअरजल्दी ही संस्था वाढली आणि तिनं डोंगराळ, दुर्लक्षित भागांत नेट नेलं. त्या डोंगरात जे जमलं ते सह्याद्रीत जमू नये असं काही नाही.

आता याच गायरानात थोरल्यांची खिल्लारं शिरली आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एअरटेलनं आणि सप्टेंबरमध्ये जिओनं तारेविना घरपोच नेट विकायला काढलं. नाव एअरफायबर. त्यातल्या जिओनं आपल्या बऱ्याच जोडण्या लिलावातल्या पट्ट्यावर न देता याच बिनपरवाना पट्ट्यातल्या रेडिओंवर दिल्या आहेत. कायद्यानं हे चूक नाही, मोकळा पट्टा सगळ्यांचाच. पण ज्याच्याकडे हजारो कोटींचं स्वतःचं शिवार आहे त्यानं गायरानातही दावणी ठोकल्या, तर ज्याचं फक्त गायरान आहे त्यानं जावं कुठं? गावातल्या दोन रेडिओंनी एकाच वाहिनीवर बोलायला सुरुवात केली की दोघांचंही नेट खुरडतं, आणि तक्रार करायला कुठलंही दार नाही, कारण मोकळ्या पट्ट्यात कुणालाच संरक्षण नसतं.

उपाय आहे. ज्या कंपनीकडे लिलावातला पट्टा आहे तिनं बिनपरवाना पट्ट्यातला प्रत्येक बाहेरचा रेडिओ, त्याची जागा आणि वाहिनी एका सार्वजनिक नोंदवहीत लिहावी. छोट्यांचा रेडिओ आधीपासून जिथं आहे तिथं दुसरी वाहिनी निवडण्याचं बंधन तिच्यावर असावं. एवढ्यानं तिचं काही अडणार नाही.

पडून असलेला पट्टा

वर सांगितलं की ५ गिगाहर्ट्झची लाट पानांत मरते. मग जंगलात कुठली लाट जगते? लांब लाट. दूरदर्शन ज्या पट्ट्यात छपरावरच्या अँटेनाला चित्र पाठवायचं, तो ४७० मेगाहर्ट्झपासून वरचा पट्टा. तिथं लाट अर्ध्या मीटरहून लांब असते, झाडीतून आणि टेकाडाच्या कडेनं पुष्कळ पुढं जाते.

हे पुस्तकी नाही. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटानं पालघर जिल्ह्यात खामलोलीला याच पट्ट्यावर चाचणी केली. भारतात हा पट्टा बहुतांश रिकामा पडून आहे, हे त्यांच्याच अभ्यासातून पुढं आलं. त्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पानं नंतर पालघरमधल्या २५ गावांत वायरलेस नेट नेलं आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला.

त्यानंतर प्रसार भारतीनं आपले जुने ॲनालॉग टॉवरही जवळजवळ सगळे बंद केले. म्हणजे पट्टा पूर्वीपेक्षा जास्त रिकामा. २०२२ च्या लिलावात त्याच्या शेजारच्या ६०० मेगाहर्ट्झला एकाही कंपनीनं बोली लावली नाही. मोठ्यांना नको आहे, दूरदर्शनला फारसा लागत नाही, जंगलातल्या वाडीला हवा आहे, आणि तरी छोट्या नेटवाल्याला तो खुला नाही. खानापूर, जोयडा, चंदगड, दोडामार्ग एवढ्या टापूपुरता तो कमी शक्तीच्या रेडिओंसाठी मोकळा करा. अभयारण्याच्या हद्दीत झाड न तोडता, नवा टॉवर न उभारता, शाळेच्या छपरावरून नेट जाईल. वनखात्यालाही यात आनंदच व्हावा.

माल देणाराच स्पर्धक

छोट्याची सगळ्यात मोठी अडचण आभाळात नाही, जमिनीवर आहे. त्याला घाऊक बँडविड्थ ज्यांच्याकडून घ्यावी लागते, त्यांतल्याच काही कंपन्या गावात त्याच्याविरुद्ध किरकोळ विक्री करतात. भाव तेच ठरवणार, जोडणी कधी द्यायची तेच ठरवणार, आणि फायबर तुटली तर आधी कुणाची जोडायची हेही तेच ठरवणार.

याचा धडधडीत दाखला पीएम-वाणी योजनेत आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ती मंजूर केली. चहावाला, किराणावाला, पानवाला, कुणीही परवान्याशिवाय आपल्या दुकानात वाय-फाय लावून दहा-वीस रुपयांना नेट विकू शकेल, अशी ती सुरेख कल्पना. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक वाय-फाय केंद्रांचं उद्दिष्ट होतं. २०२५ च्या मध्यापर्यंत पीएम-वाणीची केंद्रं त्याच्या जवळपासही पोहोचली नव्हती. कारण काय? चहावाल्यानं घरगुती फायबरची जोडणी मागितली की कंपन्या म्हणायच्या, तू धंदा करणार आहेस, मग महागडी लीज्ड लाईन घे. बँकेला आणि कारखान्याला विकायची लाईन टपरीच्या गळ्यात! अखेर जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायला आदेश काढावा लागला: २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी अशा केंद्राकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घ्यायचं नाही.

योजना निघून साडेचार वर्षांनी हा आदेश आला. तेवढ्यात किती टपरीवाल्यांनी नाद सोडला असेल? तरीही आदेश चांगला आहे, आणि तो एक गोष्ट कबूल करतो: घाऊक भावाला लगाम नसेल तर छोटा जगत नाही. मग तोच लगाम तालुक्यातल्या परवानाधारक छोट्या नेटवाल्यासाठीही घाला.

फुकटाचा हिशेब

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत नेट फुकट होतं. लोकांनी ते घेतलं, आणि त्यात लोकांचं काही चुकलं नाही. कोट्यवधी गरिबांच्या हाती नेट आलं, हे श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण हिशेब शेवटपर्यंत वाचावा. एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटाचा आणि टेलिनॉरचा मोबाइल धंदा एअरटेलमध्ये गेला, व्होडाफोन आणि आयडियाला २०१८ मध्ये एक व्हावं लागलं. मैदान रिकामं झालं आणि दर वाढले: डिसेंबर २०१९ मध्ये, २०२१ च्या अखेरीस, जुलै २०२४ मध्ये. २०२४ च्या वाढीत रिचार्ज ११ ते २५ टक्क्यांनी महागला.

एअरटेलनं तेव्हा फुकट सेवेविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. जून २०१७ मध्ये आयोगानं ती फेटाळली. नवी आलेली कंपनी बाजारावर वरचढ नाही, असं त्याचं म्हणणं. आणि बाजार म्हणजे एक अख्खं दूरसंचार मंडळ. अख्खं कर्नाटक हा एक बाजार! त्या मापात लोंढा दिसत नाही, खानापूर दिसत नाही. एखाद्या गावात मोठी कंपनी सहा महिने पडत्या भावात नेट विकून तिथल्या एकमेव छोट्या नेटवाल्याला संपवू शकते आणि राज्याच्या सरासरीत त्याचा ओरखडाही उमटत नाही. तो गेला की दर पुन्हा वर आणि दुरुस्तीला माणूस नाही.

ट्रायच्या आकड्यांनुसार देशातल्या ब्रॉडबँड ग्राहकांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक पहिल्या पाच कंपन्यांकडे आहेत. उरलेल्या दोन टक्क्यांहून कमी जागेत देशभरचे शेकडो छोटे नेटवाले कसेबसे उभे आहेत. स्पर्धा मोजायची तर तालुका हे माप धरा. त्याशिवाय खेड्यातली मक्तेदारी कधीच उघडी पडणार नाही.

लाट ओलांडते, परवाना अडतो

सीमाभागाला या गोष्टीत आणखी एक काच आहे. २०१७ पूर्वीचे दिवस आठवा. निपाणीकडे, कोगनोळीच्या नाक्याजवळ फोन आपोआप पलीकडचा टॉवर धरायचा आणि घरात बसून बोलल्याबद्दल रोमिंग कापलं जायचं. कंपन्यांनी रोमिंग काढलं. मोबाइलवाल्याची सीमा गेली. छोट्या नेटवाल्याची मात्र तशीच आहे.

आजवरच्या परवानापद्धतीत इंटरनेटचे तीन वर्ग. अ वर्ग अख्ख्या देशासाठी, ब वर्ग एका मंडळासाठी, क वर्ग साधारण जिल्ह्याएवढ्या भागासाठी. प्रवेशशुल्क अनुक्रमे ३० लाख, २ लाख आणि २० हजार रुपये. गावातल्या माणसाला क वर्ग परवडतो. आता नकाशा बघा. लोंढा बेळगाव जिल्ह्यात. तिथून जवळच रामनगर आणि पुढं कॅसलरॉक, ते उत्तर कन्नडमध्ये. घाट उतरला की कुळे, ते गोव्यात, म्हणजे महाराष्ट्र-गोवा मंडळात. निपाणीची कथा तीच: पोल कोगनोळीत, गिऱ्हाईक कागलात, मधे मंडळाची भिंत. एका टेकडीवरून चारही दिशांना लाट जाते, पण परवाना एकाच दिशेला चालतो. नैसर्गिक गिऱ्हाईक समोर दिसत असताना त्याला जोडणं गुन्हा ठरतं.

राज्यांच्या सीमेचा वाद न्यायालयात आहे, तो तिथं चालू दे. लोंढ्याच्या पोराला ऑनलाइन वर्ग बघायला त्या निकालाची वाट बघावी लागू नये. सीमेलगतच्या जिल्ह्यांसाठी एकच क वर्ग परवाना द्या, लगतच्या जिल्ह्यात चालणारा, मग मंडळ कुठलंही असो. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये नवा झाला आहे, नियम नव्यानं लिहिले जात आहेत. एक ओळ घालायला हीच वेळ आहे.

सरकारी फायबरची किल्ली

२०११ मध्ये केंद्रानं अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. पुढं तिचं नाव भारतनेट झालं. दोन लाखांहून अधिक पंचायती आता कागदावर ‘सेवासज्ज’ आहेत. अनेक पंचायतींत यंत्र बसलं, सेवा बसली नाही. खोलीला कुलूप, बॅटरी उतरलेली, फायबर रस्त्याच्या कामात तुटलेली. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले. शिवाय नेट न पोहोचलेल्या २४,६८० गावांत बीएसएनएलचं फोरजी नेण्याचा निर्णय २०२२ चा.

पैसा कमी नाही. दूरसंचार कंपन्या आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के ज्या निधीत भरतात, तो आताचा डिजिटल भारत निधी याच कामासाठी आहे. कमी आहे तो शेवटच्या चार किलोमीटरचा धनी. ती जबाबदारी गावातल्या माणसावर दिली तर तो पार पाडतो, हे रेलटेलच्याच रेलवायरनं दाखवलं आहे. तिथं मुख्य फायबर रेलटेलची, घरापर्यंतची जोडणी आणि देखभाल स्थानिक केबलवाल्याची, उत्पन्नात दोघांचा वाटा. हाच नमुना पंचायतीच्या फायबरला लावा. जो परवानाधारक जाहीर दरानं बँडविड्थ मागेल, त्याला ठरावीक दिवसांत ती द्या. नाही दिली तर लेखी कारण द्या.

दूध संघ चालतो, मग हेही चालेल

आपल्या मुलखात साखर कारखाना सहकारी आहे, दूध संघ सहकारी आहे, पतपेढी सहकारी आहे. नेटची सहकारी संस्था का नाही? विचार नवा नाही. १९९८ मध्ये वारणानगरला, सहकाराच्याच पायावर, ७० गावं संगणकानं जोडण्याचा प्रकल्प झाला. उसाच्या वजनाची आणि बिलाची माहिती गावात मिळू लागली. तिथं सहकार होता म्हणून लोकांना त्याचा उपयोग झाला. उलट मेळघाटातल्या हरिसालचं बघा. २०१६ मध्ये मोठ्या कंपनीच्या मदतीनं ‘डिजिटल गाव’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि २०१९ च्या निवडणुकीत त्याचे हाल सभांच्या पडद्यावर दाखवले गेले. पाहुणा बसवून जातो, गाव सांभाळतं. सांभाळणारा गावचा नसेल तर उद्घाटनाच्या फिती तेवढ्या उरतात.

बाहेरही हेच दिसतं. स्पेनमध्ये कॅटलोनियाच्या खेड्यांत कंपन्या येईनात, तेव्हा २००४ मध्ये लोकांनी स्वतः डिश लावून ‘गुईफी’ जाळं सुरू केलं; आज त्याच्या जोडण्या हजारोंनी मोजतात. दक्षिण आफ्रिकेत मान्कोसी या गरीब खेड्यात ‘झेन्झेलेनी’ ही गावकऱ्यांची सहकारी संस्था नेट चालवते. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यानं १९८१ मध्ये भावासाठी महामार्ग रोखला होता. ज्या मातीत ती धमक आहे तिथं नेटची संस्था उभी राहणं अवघड नाही.

आणि ज्यांना वाटतं की उपग्रह येईल आणि सगळं सोडवेल, त्यांनी तारखा बघाव्यात. ११ मार्च २०२५ ला एअरटेलनं आणि १२ मार्चला जिओनं स्टारलिंकची सेवा विकण्यासाठी स्पेसएक्सशी करार जाहीर केले. आकाशातून येणारं नेटही त्याच दोन दारांतून विकायची तयारी झाली आहे.

छोट्यांनाही दोन शब्द

छोट्या नेटवाल्यांनो, तुमची बाजू घेताना तुमच्याकडूनही काही मागतो. एका जोडणीची बँडविड्थ मर्यादेपलीकडे वाटू नका. संध्याकाळी आठ वाजता नेट रांगायला लागलं की लोक कंपनीकडे जातात आणि त्यांना दोष देता येत नाही. प्रत्येक पैशाची पावती द्या. परवान्याशिवाय एकही घर जोडू नका, कारण पहिली धाड तुमच्यावरच पडते आणि मग खरे परवानाधारकही बदनाम होतात. गिऱ्हाइकांच्या नोंदी कायद्याप्रमाणे ठेवा आणि त्या कुणाला विकू नका. गाव तुमच्यावर नावानिशी विश्वास ठेवतं. तो विश्वास हेच तुमचं भांडवल.

ग्रामसभेत विचारा

मागण्या चार आहेत. घाऊक बँडविड्थचा दर जाहीर आणि बांधलेला असावा. बिनपरवाना पट्ट्यात मोठ्या कंपन्यांना शिस्त असावी आणि दूरदर्शनचा पडीक पट्टा जंगलातल्या तालुक्यांना मिळावा. सीमाभागात एकच परवाना चालावा. पंचायतीची फायबर स्थानिक माणसाला उघडी असावी. एकाही मागणीला नवा कर लागत नाही, एकीतही खैरात नाही.

दिल्ली दूर आहे, पण ग्रामसभा दूर नाही. पुढच्या ग्रामसभेत पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओंना) तीन प्रश्न विचारा: आपल्या पंचायतीत भारतनेटची फायबर आली का, आली असेल तर त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे, आणि गावातल्या परवानाधारकाला ती जोडणी कुठल्या दरानं मिळेल? प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या आणि उत्तर लेखी मागा. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. लोंढ्याच्या मागच्या वाडीत नेट पोहोचायचं असेल तर त्याची सुरुवात त्या दहा रुपयांच्या अर्जापासूनही होऊ शकते.